शेवटच्या सायकलीमागे

सांगलीत दोन भावांचं सायकलीचं दुकान होतं. दुकान काढलं होतं त्यांच्या वडिलांनी, आबांनी. तेव्हा सायकली तासावर भाड्यानं जायच्या. पोरं हरिपूरला संगमावर जायची, मोठी माणसं पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायची, आणि त्यातली एखादी सायकल संध्याकाळी परत यायचीच नाही. कुठंतरी तिची चेन तुटलेली असायची नाहीतर रिम वाकलेली, आणि भाडं वाढत चाललंय या धास्तीनं पोरगं शेजारी रडत बसलेलं असायचं. मग आबा दुसऱ्या सायकलवर निघायचे, पोराला कॅरियरवर बसवायचे आणि बिघडलेली सायकल एका हातानं धरून चालवत आणायचे. सांगलीच्या चारी बाजूंचे रस्ते त्यांना असे माहीत झाले. कुठल्या वळणावर खडी सुटलेली असते, कुठल्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, कुठल्या दारात हाक मारली तर माणूस कंदील घेऊन बाहेर येतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

मुलं मोठी झाली. थोरल्याचा हात पान्यावर बसला, धाकट्याचा पाय पॅडलवर. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना एकाएकी मागणी आली तेव्हा धाकट्यानंच दुकानाचं रूप पालटलं. गिअरच्या सायकली आल्या, हेल्मेटं आली, पाण्याच्या बाटल्या अडकवायचे स्टँड आले. तो स्वतः चालवायचाही जोरात. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. धाकटा ती नऊ तासांत संपवून घरी जेवायला यायचा. दुकानातून सायकल घेतलेली माणसं त्याच्याकडं कौतुकानं बघायची आणि म्हणायची, आम्हालाही एकदा लांब कुठंतरी घेऊन चला की.

ठरलं खिद्रापूर.

सांगलीच्या खाली कृष्णेचं खोरं पसरट आहे. वाईच्या वरच्या अंगाला नदीच्या दोन्हीकडं डोंगर आहेत. पुढं कऱ्हाडला कोयना समोरून येऊन मिळते. हरिपूरला वारणा मिळाली की त्यानंतर कृष्णेला अडवायला काहीच उरत नाही. काळी जमीन, नजर जाईल तिथवर ऊस, मधेच भाजीचा एखादा तुकडा, लांबवर कारखान्याचं धुराडं. रस्त्याला चढ म्हणावा तर तो पुलाचा. वाडीला पंचगंगा येऊन मिळते, आणि आणखी खाली, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून, खिद्रापूरला शिलाहारांच्या काळातलं बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं मंदिर आहे. नव्या माणसाला याहून सोपा रस्ता सापडणार नाही, असं नकाशा बघणाऱ्याला वाटणारच.

धाकट्यानं एका सकाळी रस्ता काढला. अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूर, शिरोळ, वाडी, कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी, खिद्रापूर, आणि त्याच वाटेनं परत. मोबाइलवर निळी रेघ उमटली. चढ जवळपास नाहीच. त्यानं ती रेघ सगळ्यांना पाठवली आणि वर लिहिलं, "एकदम सोपा रस्ता, कुणीही यावं."

आबा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "किती वाजता गेला होतास?"

"सहाला."

"आलास कधी?"

"नऊच्या आत."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जा घेऊन सगळ्यांना. एकच ऐक. तू पुढं जायचं नाहीस. सगळ्यात मागं जो असेल, त्याच्या मागं तू. त्याच्या पुढं चाक घालायचं नाही."

धाकट्याला ही शिक्षा वाटली. पण आबांचा शब्द मोडायची घरात पद्धत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मंडळी निघाली. अंकलीच्या पुलाला उजाडलं, आणि शिरोळपर्यंत सगळे एकत्र होते. मग जे नेहमी होतं ते झालं. तरणी पोरं पुढं सुटली, मधली माणसं त्यांना गाठायच्या नादात लागली, आणि वाडीच्या अलीकडं मागं उरल्या फक्त बाई. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षिका. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी याच दुकानातून सायकल घेतली होती. त्यांच्या मागं धाकटा.

पहिला तासभर त्याला ते सोसवेना. इतक्या हळू त्यानं कधी चालवलीच नव्हती. तोल सांभाळायलासुद्धा कष्ट पडत होते. त्याचे डोळे सवयीनं लांबवर जायचे आणि मग नाइलाजानं समोरच्या चाकावर यायचे. पण डोळे एकाच जागी खिळले की हळूहळू तिथलं दिसायला लागतं. बाईंचे गुडघे पॅडल वर आलं की जवळजवळ कोपरापर्यंत येत होते. सीट फार खाली होती. आणि चेन पुढं मोठ्या चकतीवर, मागं सगळ्यात लहान चकतीवर. म्हणजे सगळ्यात जड गिअर. सपाट रस्त्यावरसुद्धा बाई प्रत्येक पॅडल रेटून मारत होत्या.

"बाई, गिअर बदलत का नाही तुम्ही?"

"चढ आला की बदलायचा असं सांगितलं होतंस ना तू? चढ कुठं आलाय अजून?"

सांगितलं होतं खरं. दुकानात गर्दी होती, दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि त्यानं एवढं एकच वाक्य सांगून सायकल बाईंच्या हातात दिली होती.

सपाट रस्त्याबद्दल इथं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फसगत तिथंच होते. घाटात चढ असतो तसा उतारही असतो. उतारावर पाय थांबतात, कंबर सैल होते, घाम वाळतो. सपाटीवर पाय थांबवला की सायकल थांबते. तासन् तास तेच पॅडल, तीच बसक, हाताचे तळवे त्याच जागी टेकलेले. नव्या माणसाचे आधी तळवे बधिर होतात, मग खांदे धरतात, मग बैठक दुखायला लागते, आणि त्याला कळत नाही की काहीच अवघड नसताना आपण एवढे का दमलो. तो स्वतःलाच दोष देतो. पट्टीचा सायकलवाला हे विसरलेला असतो, कारण त्याच्या शरीरानं त्यावर कधीच तोड काढलेली असते. तो मधूनच उभा राहून चालवतो, हात सरकवतो, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवतो. आपण हे करतो हे त्याच्या लक्षातही नसतं, मग दुसऱ्याला सांगणार कुठून?

कुरुंदवाडला एका पानपट्टीच्या सावलीत धाकट्यानं खिशातून ऍलन की काढली. बाईंना सायकलवर बसवलं, भिंतीला हात टेकायला सांगितला. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढं साधं माप. सीट चांगली चार बोटं वर गेली. मग चेन पुढं लहान चकतीवर आणून त्यानं सांगितलं, "रेटायचं नाही बाई. पाय हलके फिरू द्यायचे. दम लागला तरी चालेल, मांडी भरून आली नाही पाहिजे."

बाई निघाल्या. शंभरेक पावलांवरच त्या मान वळवून म्हणाल्या, "अरे, ही दुसरीच सायकल आहे!"

तोवर ऊन चढलं होतं. बाईंच्या सायकलला एकच बाटली, आणि ती रिकामी. धाकट्याची अर्धी उरलेली. ती त्यानं त्यांना दिली. त्याच्या रस्त्यात पाण्याचा विचारच नव्हता. सहाला निघून आठच्या आत जिथं पोचायचं, तिथं पाणी कशाला लागतं?

आणि मग कारखान्याची वाहनं सुरू झाली. गळिताचे दिवस. धाकटा जातो त्या वेळी रस्ता रिकामा असतो. आता दर दोन-तीन मिनिटांना उसानं लादलेला ट्रॅक्टर समोरून येत होता, गाणी लावलेला, मागं दोन ट्रॉल्या जोडलेला. पहिली ट्रॉली गेली की माणूस श्वास सोडतो आणि डांबरावर परत यायला हँडल वळवतो. नेमकी तेव्हाच दुसरी येते. ती पहिलीच्या रेषेत चालत नाही, हेलकावत येते, आणि मोळीतून निसटलेली एखाददुसरी उसाची कांडी हातभर बाहेर आलेली असते. बाईंनी हँडल वळवलं आणि धाकटा जिवाच्या आकांतानं ओरडला, "दुसरी ट्रॉली!"

बाई बाजूपट्टीच्या खडीत उतरल्या. चाक घसरलं, पण पाय टेकले. दोघंही थोडा वेळ तसेच उभे राहिले. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या चिपाडावरून पुढचा ट्रॅक्टर गेला आणि डांबरावर चिकट ओला पट्टा उरला.

सैनिक टाकळीच्या अलीकडं रस्त्यालगत एक घर होतं. ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली. "ये बाई, बस की. तोंड लाल झालंय की तुझं." तांब्याभर पाणी आलं, वाटीत गुळाचा खडा आला. बाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांच्या डोक्याच्या वर धाकट्याला निळ्या रंगाची आडवी रेघ दिसली. रेघेवर लिहिलं होतं, २०१९. त्याच्या हातभर खाली दुसरी रेघ, २००५.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. धाकट्याला ते दिवस आठवत होते. दुकान पाण्यात होतं. पण सांगलीवरून गेलेलं ते सगळं पाणी पुढं या सपाटीवरच आलं होतं, हे तो एवढ्या वेळा इथून गेला तरी त्याच्या मनात आलं नव्हतं.

"लई जोरात आलं असेल पाणी?" त्यानं विचारलं.

"न्हाई रं. हिथं पानी धावत येत न्हाई. सपाट रान हाय. बोटभर, बोटभर चढतंय. सकाळी उंबऱ्याखाली हुतं, तिनीसांजंला चुलीवर. आन् एकदा आलं की जायाचं नाव काढत न्हाई." आजींनी शेंग फोडली. "बोट आली तवा आमी समदी चढलो. पयल्या खेपंला कोन गेलं, दुसऱ्या खेपंला कोन, काय सुदिक ध्यानात न्हाई बघ. एक पोरगं मातर ध्यानात हाय. समदी गेल्यावर परत आलं. वरडत हुतं, कुनी ऱ्हायलंय काऽ, कुनी ऱ्हायलंय काऽ. माजी सासू माळ्यावर हुती. ऐकायला येत नव्हतं तिला. त्यानं वर चढून बघितलं म्हनून घावली."

धाकट्यानं तांब्या खाली ठेवला. बाईंची बाटली आणि आपली बाटली आजींकडून भरून घेतली, आणि निघताना त्यांना विचारलं, "आजी, पुन्हा कधी माणसं घेऊन आलो तर पाणी द्याल?"

"इचारतोस काय? हापसा हाय की परड्यात."

खिद्रापूरला ते दोघं पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाकीचे कधीच परतले होते. मंदिरासमोर सगळ्यांनी फोटो काढले होते, त्यात बाई नव्हत्या, आणि नाश्ता संपला होता. धाकटा तसा खिद्रापूरला नेहमीचाच. पण देवळाला हात लावल्यासारखं करून मागं वळायचं, एवढीच त्याची ओळख. सायकलचे बूट काढायला वेळ लागतो म्हणून तो कधी आत गेलाच नव्हता. आज बाई आत निघाल्या आणि शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं होतं, म्हणून तोही गेला. स्वर्गमंडपात त्यांनी त्याला बरोबर मध्यावर, गोल शिळेवर उभं केलं आणि वर बघ म्हणाल्या. छताला तेवढाच गोल मोकळा ठेवलेला, आणि त्यातून ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं. भोवती वर्तुळात खांब. बाहेरच्या बाजूला मंदिराचा सगळा भार पाठीवर घेतलेले हत्ती. बाई प्रत्येक हत्तीपाशी थांबत होत्या, झीज झालेल्या सोंडेवरून बोट फिरवत होत्या. धाकट्याला घाई करावीशी वाटली नाही असं नाही. पण त्यानं घड्याळ बघितलं नाही, ते चांगलं केलं.

परतीला वारा समोरून. सकाळी पान हलत नव्हतं. दुपारी त्याच रस्त्यावर वायव्येकडून असा वारा सुटला होता की उसाची वाढं सगळी एका बाजूला झुकली होती. आणि सांगली नेमकी वायव्येलाच. नऊच्या आत घरी जाणाऱ्याला हा वारा ठाऊक असायचं कारणच नाही. आता धाकटा पहिल्यांदा बाईंच्या पुढं आला, आणि आबांचा शब्द मोडतोय असं त्याला वाटलं नाही. "माझ्या मागच्या चाकाला चाक लावून या बाई. हातभर अंतर ठेवा. वारा मला लागू दे."

हे बोलणं सोपं, करणं अवघड. जरा पाय जोरात फिरला की मागचं माणूस सुटतं. एकदा सुटलं की ते एकटं वाऱ्यात सापडतं आणि पुन्हा गाठायला त्याला दुप्पट दम लागतो. धाकट्यानं वेग बघायचं सोडून दिलं आणि कान मागं लावले. बाईंच्या चेनचा आवाज लांब गेला की पाय सैल, जवळ आला की तसाच. त्यांचा श्वास ऐकू आला की आणखी हळू. ब्रेव्हेच्या दोनशे किलोमीटरमध्ये त्याला एवढं लक्ष द्यावं लागलं नव्हतं.

वाडीला दत्तमंदिराकडं वळायच्या रस्त्यावर एक छोटा हत्ती टेम्पो उभा होता. शेजारी थोरला. टेम्पोत दोन सायकली आधीच आडव्या बांधलेल्या, आणि सावलीत एक कॉलेजचा पोरगा पोटरी चोळत बसलेला. शेजारी त्याला मीठ-लिंबाचं पाणी देणारे एक बँकेतले साहेब, त्यांचे तळवे सोलवटलेले. दोघंही पुढच्या घोळक्यातले. पोरांच्या वेगानं गेले, परतीच्या वाऱ्यात मोडले, आणि लाजेपोटी कुणाला काही न सांगता इथं थांबले. धाकट्याला वाटत होतं की शेवटच्या बाईच. त्या तर पाय टाकत इथवर आल्या होत्या. खरे मागं पडलेले पुढंच होते.

"आबांनी पाठवलं," थोरला म्हणाला. "म्हणाले, दहापासून वाडीत उभा राहा."

धाकटा बाईंकडं वळला. "आता वीस-बावीस किलोमीटर राहिलंय बाई. मी पुढं आहे. आपण पूर्ण करू."

"तुला पूर्ण करायचंय की मला?" बाईंनी हेल्मेट काढलं. "मला आज एवढंच पुरे आहे, बाळ. चाळीसवर किलोमीटर जाऊन, देऊळ बघून, परत वाडीपर्यंत आले. घरी जाऊन मुलीला फोन करून सांगणार आहे. उचल सायकल माझी."

त्यानं ती उचलून टेम्पोत ठेवली. चेन वरच्या अंगाला येईल, गिअरवर भार येणार नाही अशी नीट ठेवली, आणि खाली पोतं घातलं.

आबांनी संध्याकाळी काही विचारलं नाही. धाकट्यानंच वही उघडली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. "आबा, शिरोळ ते वाडी पाणी कुठं मिळतं, सावली कुठं मिळते? रविवारी सकाळी उघडं असतं ते सांगा." आबा सांगत गेले, तो लिहीत गेला. त्यातली काही झाडं रस्तारुंदीत गेली होती, काही विहिरी बुजल्या होत्या; ते बघायला तो पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, या वेळी दहाला निघून, मुद्दाम उन्हात.

दुकानाच्या भिंतीवर आता जो कागद लावलेला आहे, त्यावर खिद्रापूरच्या रस्त्याला वेळेचे दोन रकाने आहेत. एक लवकर पोचणाऱ्यांचा, एक उशिरा पोचणाऱ्यांचा, आणि दुसरा रकाना मोठा आहे, कारण त्यात लिहायला जास्त आहे. गळिताच्या दिवसांत नवानंतर समोरून काय येतं आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत खडीतच का थांबायचं. पाणी कुठं. सावली कुठं. पहिल्यांदा येणाऱ्यानं वाडीवरूनच मागं फिरावं. ज्याला खिद्रापूरला जायचंय त्यानं जाताना सायकल चालवावी, येताना टेम्पोत बसावं. टेम्पोचं भाडं आधीच धरलेलं आहे, वेगळं मागायचं नाही. पावसाळ्यात नदीकाठचा रस्ता कधी बंद करतात ते गावात फोन करून विचारल्याशिवाय निघायचं नाही. "कुणीही यावं" हे शब्द धाकट्यानं खोडले नाहीत. ते सगळ्यात खाली, एवढं सगळं लिहून झाल्यावर लिहिले.

पुढच्या महिन्यात बाई दुकानात आल्या. ब्रेकच्या तारा आवळायच्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता वरच्या अंगाला जायचंय मला. माधवनगर, नांद्रे, वसगडे, भिलवडी आणि तिथून पूल ओलांडून औदुंबर. त्या रस्त्याचा कागद दे की."

"तो अजून केला नाही."

"का? तू तर नेहमी जातोस तिकडं."

"मी जातो, पण तो माझा रस्ता झाला." धाकट्यानं तार ओढून नट आवळला, चाक फिरवून बघितलं. "तुम्ही चला एकदा. मी मागं येतो. मग कागद करू."

"गुरुवारी जमेल? दत्ताचा वार आहे."

"जमेल. पण निघायचं तुम्ही म्हणाल तेव्हा," असं म्हणून त्यानं बाईंच्या सायकलला बाटलीचा दुसरा स्टँड बसवायला घेतला.